राशिभविष्यातून निघालेली कामे

राशिभविष्यातला नोकरीविषयीचा परिच्छेद नीट वाचला, तर त्यातली निम्मी वाक्ये भविष्य सांगतच नाहीत, ती काम सांगतात, हे लक्षात येते. ‘कागदपत्रे तपासूनच सह्या कराव्यात’, ‘जुन्या येण्यांचा पाठपुरावा करावा’, ‘वरिष्ठांशी मतभेद असल्यास सामोपचाराने मिटवावेत’, ‘हाती घेतलेले काम अर्धवट सोडू नये’ या वाक्यांसाठी कोणत्याही ग्रहाने रास बदलण्याची गरज नाही. जुन्या काळचा एखादा हेडक्लार्क नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सगळे सांगून मोकळा झाला असता. उरलेली वाक्ये बढतीच्या योगांची, स्थानबदलाची आणि वरिष्ठांच्या मर्जीची असतात, आणि ती खरी ठरतात की नाही याच्याशी मला फारसे कर्तव्य नाही. तरीही रविवारच्या पुरवणीतले साप्ताहिक भविष्य मी नेमाने वाचते आणि त्यातून आठवड्याचे एक तरी काम ठरवते. विश्वास नसताना हा उद्योग कशासाठी, असे मला घरातही विचारले जाते आणि कचेरीतही. म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी विश्वास का नाही, ते सांगते. माझी जन्मरास मकर. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख आहे. बारा राशींत साधारण सारखी वाटणी धरली, तर एकट्या मकर राशीची माणसे नव्वद लाखांच्या वर जातात, आणि या सगळ्यांवर एकाच आठवड्यात वरिष्ठांची मर्जी बसायची असेल, तर त्यांतल्याच वरिष्ठांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. त्यात इंग्रजी वर्तमानपत्रे रास सूर्यावरून धरतात आणि आपण चंद्रावरून. माझा जन्म ऑगस्टमधला असल्यामुळे एकाच सकाळी इंग्रजी पेपरातला सिंह मला पुढाकार घ्यायला सांगतो, तर मराठी पुरवणीतली मकर जपून पावले टाकायला सांगते.

याहून भक्कम कारण पुण्यातच तयार झालेले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर एक चाचणी घेतली होती. शाळेत हुशार म्हणून ओळखल्या गेलेल्या 100 मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या 100 मुलांच्या कुंडल्या जमवण्यात आल्या, भाग घेणाऱ्या ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी 40 मिसळून दिल्या गेल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच विचारण्यात आले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के भरले. नाणे उडवून जे साधले असते, त्याहूनही काकणभर कमीच. हा अहवाल 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढा ठळक फरक जिथे कुंडलीत दिसत नाही, तिथे माझे अप्रेझल दिसेल, असे मानायला मी तयार नाही.

मात्र याच विषयावरचा दुसरा एक प्रयोग मला उपयोगी पडला, आणि तो ज्या हेतूने केला गेला त्याच्या बरोबर उलट्या दिशेने उपयोगी पडला. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला ‘हे तुमचे व्यक्तिचित्र’ म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच दिला होता आणि त्यातली वाक्ये बरीचशी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ते वर्णन आपल्याला किती लागू पडते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मोघम वाक्य वाचणारा माणूस त्यातली रिकामी जागा स्वतःच्या आयुष्याने भरून काढतो, हे यातून दिसले. फोररला या भोळेपणाकडे बोट दाखवायचे होते, आणि ते योग्यच होते. पण माझे लक्ष त्या भरून काढण्याकडे गेले. ‘रखडलेले काम मार्गी लागेल’ हे वाक्य वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे काम येते, ते ग्रहांनी आणलेले नसते, मी आणलेले असते. आणि सगळ्यात आधी तेच काम का आले, याचे उत्तर बहुतेक वेळा सरळ असते: ते कित्येक महिने मनात टोचत असते आणि आपण त्याच्याकडे पाहायचे टाळत असतो.

म्हणून मी भविष्याकडे उत्तर म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहते. त्यासाठी माझा नियम एकच आहे: वाक्यातून असे काम काढायचे, की भाकीत साफ खोटे ठरले तरी ते केल्याचा पस्तावा होऊ नये.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी पर्चेस विभागात काम करते. काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मकरेच्या वाट्याला ‘कागदपत्रे तपासूनच सह्या कराव्यात, जुने करार नजरेखालून घालावेत’ असा मजकूर आला होता. आमच्याकडे फोर्जिंग आणि मशीनिंग करून देणाऱ्या व्हेंडरांशी वर्षभराच्या दराचे करार असतात, आणि लोखंडाचा भाव हलला की तो दर कसा हलवायचा, याचे कलम त्यात असते. हे करार ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या संगणकप्रणालीत, एकदा चढले की कोणी उघडून पाहत नाही. ओपन पीओवर, म्हणजे चालू खरेदी-आदेशावर, माल येत राहतो, स्टोअर्समध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होत राहते, अकाउंट्समधून बिले निघत राहतात. त्या सोमवारी मी माझ्या वाट्याच्या व्हेंडरांचे करार काढून एका शीटमध्ये मांडले: कराराची मुदत कधी संपते, दर शेवटचा कधी बदलला, आणि पोलाद ज्या भावाने धरले होते तो आज काय आहे. काही करारांची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि जुन्या दरानेच व्यवहार चालू होता. एकदोघांच्या बाबतीत भाव उतरूनही आम्ही वरच्या दराने पैसे मोजत होतो, तर एका छोट्या व्हेंडरचा दर कलमाप्रमाणे वाढायला हवा होता आणि तो बिचारा संकोचाने बोलत नव्हता. त्याचा दर वाढवून देण्याचा प्रस्ताव मी इतरांकडून वसुली करण्याच्या प्रस्तावासोबतच पाठवला, त्यामुळे दोन्ही प्रस्तावांना वजन आले.

हे काम माझ्या रोजच्या कामात मोडत नव्हते. माझे काम तेव्हा मुख्यतः फॉलोअपचे होते, म्हणजे माल कुठे अडला ते फोनवर विचारत राहणे आणि लाइन थांबू न देणे. ती शीट दर महिन्याला अद्ययावत ठेवू लागल्यावर दर ठरवण्याच्या बैठकींना मला बोलावणे येऊ लागले, आणि पुढे कॉस्टिंगच्या, म्हणजे उत्पादनाचा खर्च काढणाऱ्या, गटात जागा निघाली तेव्हा अंतर्गत अर्ज करताना माझ्या हातात दाखवण्यासारखे काहीतरी होते. पुरवणीतले भविष्य लिहिणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. माझ्या मावशीने मात्र ते कात्रण जपून ठेवले असून ‘बघ, लिहिलं होतं की नाही’ म्हणून ती ते अजून दाखवते.

‘जुनी येणी वसूल होतील’ हे वाक्य तर दर दोनतीन महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या राशीला येतेच. पगारदार माणसाची जुनी येणी म्हणजे काय, याचा विचार केला तर पहिले नाव भविष्य निर्वाह निधीचे येते. माझ्या आधीच्या नोकरीतला पीएफ जुन्या खात्यातच पडून होता, कारण त्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर कधी भरलीच नव्हती, आणि ती तारीख नसेल तर रक्कम नव्या खात्यात वळवण्याचा दावा पुढे सरकत नाही. त्या कंपनीला ईमेल पाठवून उपयोग झाला नाही. पण जानेवारी 2020 पासून ही तारीख सभासदाला स्वतःच भरता येते, शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झालेले असले आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू असला म्हणजे झाले, हे मला पोर्टलवर शोधता शोधता कळले. तारीख भरली, ट्रान्सफरचा दावा टाकला आणि जुनी रक्कम सेवेच्या काळासकट नव्या खात्याला जोडली गेली. ज्यांनी दोनतीन नोकऱ्या बदलल्या आहेत, त्यांनी आपल्या राशीला येण्यांचे भविष्य येण्याची वाट न पाहता यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, वापरून खाते उघडावे आणि सेवेचा इतिहास एकदा पाहावा, असे मी आवर्जून सुचवेन.

साप्ताहिक भविष्याचा उपयोग एवढाच. वर्षाच्या आढाव्यासाठी मात्र मी कुंडलीची चौकटच वापरते, कारण नोकरीचा विचार करण्यासाठी ती चौकट आश्चर्य वाटावे इतकी बारकाईने आखलेली आहे. आपण ‘करिअर’ म्हटले की फक्त पद आणि पगार धरतो. जुन्या ज्योतिषाने मात्र त्याच विषयाची अनेक घरे पाडली आहेत. दशमस्थान कर्माचे, म्हणजे पद, अधिकार आणि लौकिक यांचे. पण रोजची चाकरी षष्ठस्थानात, आणि तिथेच रोग, ऋण आणि शत्रूही बसवलेले आहेत. नोकरीचा ताण, कर्जाचा हप्ता आणि पाठदुखी ही एकाच घरातली मंडळी आहेत, हे ज्याने कोणी पहिल्यांदा मांडले, त्याला चाकरीचा अनुभव दांडगा असला पाहिजे. द्वितीयस्थान साठवलेल्या धनाचे, एकादशस्थान होणाऱ्या लाभाचे आणि द्वादशस्थान व्ययाचे, म्हणजे पगार वाढला तरी शिल्लक का वाढत नाही, या प्रश्नाला तीन वेगळी घरे आहेत. तृतीयस्थान पराक्रमाचे, त्यातच लेखन आणि लहान प्रवास येतात. नवमस्थान भाग्याचे आणि गुरूचेही. गुढीपाडव्याला पंचांग उघडले की संवत्सरफल, म्हणजे नव्या वर्षाचे भविष्य, वाचून होते, आणि मग मी वहीत ही घरे आखते. षष्ठस्थानात मी लिहिते ते रोजचे कोणते काम मला झिजवते आहे. नवमस्थानात लिहिते की या वर्षी मी नक्की कोणाकडून काय शिकले. सलग दोन पाडवे नवमस्थान जवळपास कोरे राहिले, तेव्हा मी डेटा हाताळण्याचा एक संध्याकाळचा वर्ग लावला. अप्रेझलचा फॉर्म हे कधीच विचारत नाही. तो फक्त दशमस्थानाविषयी विचारतो आणि तेही कंपनीच्या बाजूने.

पाडवाच का, यालाही कारण आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की नवा आठवडा, नवा महिना, नवे वर्ष किंवा वाढदिवस यांसारख्या टप्प्यांनंतर माणसे व्यायामशाळेत जाण्यासारख्या संकल्पांकडे अधिक वळतात, कारण मागचे अपयश मागच्या हिशेबात टाकता येते. आपल्याकडे साडेतीन मुहूर्तांची सोय हेच काम फार पूर्वीपासून करत आली आहे. ग्रहांच्या राशिबदलाच्या तारखाही मला तशाच वाटतात: 29 मार्च 2025 रोजी शनी मीनेत गेला, ही माझ्या दृष्टीने एक तारीख आहे, आणि ती आर्थिक वर्षाच्या अखेरीला लागून आली ही आणखी सोय. त्या तारखेबद्दलही एकमत नव्हते, हे मौजेचे आहे. पुदुच्चेरीतल्या तिरुनल्लारच्या प्रसिद्ध शनिमंदिरात वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या पारंपरिक गणिताचे पंचांग, मानतात, आणि त्या गणिताने तोच शनी 2026 मध्ये मीनेत जातो. टप्पा म्हणून वापरायला दोन्ही तारखा सारख्याच चांगल्या.

जी वाक्ये मी वापरत नाही, त्यांविषयी अधिक काळजीपूर्वक बोलायला हवे, कारण नुकसान तिथे होते. थांबायला सांगणारे भविष्य मी बाजूला ठेवते. शनी जन्मराशीच्या मागच्या राशीत शिरल्यापासून पुढच्या राशीतून बाहेर पडेपर्यंतचा साधारण साडेसात वर्षांचा काळ म्हणजे साडेसाती. मकरेची साडेसाती जानेवारी 2017 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2025 मध्ये संपली. या काळात अमुक करू नकोस, तमुक पुढे ढकल, असे सांगणाऱ्यांची मला कधी वाण पडली नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशी एक साडेसाती हमखास येते, कारण शनीची प्रदक्षिणाच साडेएकोणतीस वर्षांची आहे. तेवढा काळ हात बांधून बसायचे ठरवले, तर नोकरीचा पाचवा हिस्सा तसाच जाईल. माझा विभाग मी साडेसातीच्या ऐन मधल्या अडीचकीत, म्हणजे तिच्या तीन अडीच वर्षांच्या भागांपैकी दुसऱ्या भागात, बदलला.

तसेच पैसे मागणारे भविष्य. नीलम घाला, पुष्कराज घाला, शांत करून घ्या, असे सांगणारे वाक्य पुढच्याच ओळीत दुकानाचा किंवा गुरुजींचा पत्ता सांगते, आणि त्या रकमेत एखादा चांगला अभ्यासक्रम पुरा होतो. आणि संशय पेरणारे भविष्य सगळ्यांत वाईट. ‘हितशत्रूंपासून सावध’ हे वाक्य मला इतर मोघम वाक्यांसारखे वापरता येत नाही. त्याची रिकामी जागा मन एखाद्या सहकाऱ्याच्या चेहऱ्याने भरते आणि मग त्या माणसाचा साधा ईमेलही वाकडा वाटू लागतो. कचेरीत असा एक आठवडा वाया घालवण्यापेक्षा ते वाक्य वगळलेले बरे.

नोकरी बदलण्याच्या योगांचे काय, हे शेवटी येतेच. ‘स्थानबदलाचे योग’ वाचून मी बायोडेटा अद्ययावत करते, बाहेर पडलेल्या एकदोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सध्या बाजारात या कामाला काय मिळते ते विचारते, आणि माझ्या नेमणूकपत्रातला नोटिशीचा काळ पुन्हा वाचून काढते. राजीनामा मात्र ग्रहावर टाकत नाही. राजीनाम्याची तारीख ठरवताना गोचरापेक्षा, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणापेक्षा, ग्रॅच्युइटीचा हिशेब थोरला. कायम नोकरदाराला सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते आणि ती शेवटच्या मूळ पगाराच्या व महागाई भत्त्याच्या पंधरा भागिले सव्वीस या प्रमाणात दर वर्षामागे मोजतात. हे दोन्ही मिळून चाळीस हजार असतील, तर पाच वर्षांची रक्कम सुमारे 1 लाख 15 हजार रुपये होते. पाच वर्षे डिसेंबरमध्ये पुरी होत असताना मे महिन्यातल्या गुरुबदलाचा मुहूर्त साधून बाहेर पडणे, हे गुरूलाही पटणार नाही.

माझ्या या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी टीका होते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा एक मित्र म्हणतो, की तुझ्यासारखे सुशिक्षित वाचक हे सदर जिवंत ठेवतात आणि तू वगळतेस तीच वाक्ये दुसरा कोणी जिवाला लावून घेतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी कोणालाही भविष्य वाचायला सुचवत नाही. जो आधीच वाचतो, त्याला वाक्यातून काम काढायला सांगते. मावशीची तक्रार उलटी आहे, की सोयीचे तेवढे घ्यायचे आणि बाकीचे टाकायचे, याला श्रद्धा म्हणत नाहीत. तेही खरेच आहे.

आमच्या स्टोअर्समध्ये एक तरुण सहकारी आहे, कामाला चोख, बोलायला भिडस्त. प्लॅनिंग विभागात जागा निघाल्याची सूचना लागली, तेव्हा मी त्याला अर्ज करायला सांगितले. “मॅडम, माझी कुंभ रास. शेवटची अडीचकी चालू आहे, 2027 पर्यंत काही हलवू नको म्हणतात घरचे,” तो म्हणाला. साडेसातीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तसा वाद कोणी जिंकलेला मी पाहिलेला नाही. मी त्याला विचारले, की शनी कशाचा कारक आहे. तो लगेच म्हणाला, कष्टाचा, शिस्तीचा, उशिराने का होईना पण हिशेबाने देणारा. मग ज्याला मेहनत आवडते असा ग्रह मागे लागलेला असताना गेल्या वर्षातल्या कामाचा लेखी हिशेब मांडायला काय हरकत आहे, एवढेच मी म्हटले. त्याने स्टॉक तपासणीतला फरक कसा कमी केला, रॅकची मांडणी कशी बदलली आणि त्यामुळे माल काढायला लागणारा वेळ किती उतरला, हे सगळे आम्ही दोघांनी बसून एका पानात बसवले. आधी तर ‘हे तर सगळेच करतात’ म्हणून तो त्यातले निम्मे खोडायला निघाला होता.

अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ, म्हणजे अशुभ मानलेली वेळ, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीनंतर फाइल तयार ठेवून बसून राहिला आणि सव्वातीनला त्याने पोर्टलवर अर्ज दाखल केला. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. तिच्या तयारीसाठी प्लॅनिंगमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची वेळ मी त्याला मिळवून दिली आहे.